बुद्धिबळाचा पहिला जगज्जेता : विल्हेल्म स्टाइनिट्झ



शाळेतल्या बुद्धिबळाच्या तासाला आम्हांला एक गोष्ट नेहमी दिसते. डाव मांडला की दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच वजीर बाहेर पडतो, पाठोपाठ उंट, आणि समोरच्याला चार खेळींत मात करण्याचा बेत आखला जातो. बेत फसला की तोच वजीर जीव घेऊन पटभर पळत सुटतो आणि बाकीची सेना जागच्या जागी उभी राहते. मूल रोज तासभर खेळते, तरी खेळ सुधारत का नाही, असे पालक आम्हांला विचारतात. या प्रश्नाचा ज्याने आयुष्यभर पिच्छा पुरवला, त्या माणसाची हकीकत या अंकात देत आहोत.

विल्हेल्म स्टाइनिट्झचा जन्म मे १८३६ मध्ये प्राग शहरातील ज्यू वस्तीत, एका गरीब शिंप्याच्या घरी झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. गणित शिकण्यासाठी तो व्हिएन्नाला गेला, पण शिक्षण अर्धवट राहिले आणि बुद्धिबळ हेच पोटापाण्याचे साधन झाले. १८६२ साली लंडनच्या मोठ्या स्पर्धेत तो सहावा आला. घरी परतण्याऐवजी तिथेच राहिला.

त्या काळचा खेळ कसा होता, हे सांगायला हवे. डाव सुरू होताच एखादे प्यादे, मग घोडा, मग हत्तीसुद्धा बळी द्यायचा आणि शत्रूच्या राजावर तुटून पडायचे. बळी दिलेला मोहरा न घेणे भेकडपणाचे समजले जाई. बचाव कसा करावा याचा अभ्यास फारसा कोणी करीत नसे. फ्रान्सच्या फिलिदोरने १७४९ मध्येच प्याद्यांच्या मांडणीचे महत्त्व पुस्तक लिहून सांगितले होते, पण ते मागे पडले होते. स्टाइनिट्झही याच पद्धतीत वाढला. अमेरिकेचा पॉल मॉर्फी हा त्या वेळचा सर्वांत चमकदार खेळाडू. लोक स्टाइनिट्झला ऑस्ट्रियाचा मॉर्फी म्हणू लागले. १८६६ मध्ये जर्मनीच्या अँडरसनला त्याने ८ विरुद्ध ६ असे हरवले. चौदा डावांत एकही बरोबरीत सुटला नाही, यावरून दोघे कसे खेळले असतील याची कल्पना यावी.

इथपर्यंत पाहिले तर ही एका यशस्वी खेळाडूची साधी गोष्ट आहे. आम्हांला पुढची जास्त महत्त्वाची वाटते. ज्या खेळाने नाव मिळवून दिले, तोच खेळ स्टाइनिट्झने सदतिसाव्या वर्षी बदलला. १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेत तो वेगळ्याच पद्धतीने खेळला आणि ब्लॅकबर्नबरोबर पहिला येऊन निर्णायक डावही जिंकला. त्याच साली लंडनच्या ‘द फील्ड’ या साप्ताहिकात तो बुद्धिबळाचे सदर लिहू लागला. दुसऱ्यांचे डाव खेळीगणिक तपासताना त्याचे विचार अधिक पक्के झाले असावेत.

त्याला दिसले ते असे. एखादा हल्ला यशस्वी होतो, तो हल्ला करणारा शूर असतो म्हणून नव्हे, तर समोरच्याने आधी कुठेतरी चूक करून ठेवलेली असते म्हणून. दोन्ही बाजू समतोल असतील, तर नीट बचाव करणाऱ्यापुढे हल्ला फसलाच पाहिजे. मग समतोल असताना करायचे काय? लहान लहान फायदे गोळा करायचे. समोरच्याचे एखादे प्यादे एकटे पाडायचे. ज्या घरावर त्याचे कोणतेही प्यादे कधी मारा करू शकणार नाही, तिथे आपला घोडा बसवायचा. प्यादी नसलेल्या उभ्या ओळीवर हत्ती आणायचा. आपले दोन्ही उंट शक्यतो राखायचे. यांतल्या एकट्याने डाव जिंकला जात नाही. चार फायदे साचले, की मात्र हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर साचलेले हळूहळू निसटते. आमचे काही विद्यार्थी एवढे सावध खेळतात, की हा शेवटचा भाग त्यांनी दोनदा वाचावा.

लोकांना हे रुचले नाही. हा भित्रा, कंटाळवाणा खेळ आहे अशी टीका झाली आणि स्टाइनिट्झनेही आपल्या सदरातून तितकीच बोचरी उत्तरे दिली. स्वभाव तापट, मित्रांपेक्षा शत्रू जास्त. पण पटावर त्याचे उत्तर चोख होते. १८७६ मध्ये ब्लॅकबर्नला त्याने ७ विरुद्ध ० असे हरवले. १८७३ ते १८८२ या काळात त्याने स्पर्धा-सामन्यांतले ओळीने २५ डाव जिंकले, मात्र मधली बरीच वर्षे तो फारसा खेळलाच नाही, हेही सांगायला हवे.

१८८३ च्या लंडन स्पर्धेत झुकरटोर्टने त्याला तीन गुणांनी मागे टाकले. श्रेष्ठ कोण, हा वाद पेटला. स्टाइनिट्झ अमेरिकेत स्थायिक झाला होता, तिथेच १८८६ च्या जानेवारीत जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत सामना सुरू झाला. प्रत्येक बाजूने दोन हजार डॉलर लावले होते आणि आधी दहा डाव जिंकणारा विजेता ठरणार होता. न्यूयॉर्कला पाच डाव झाले तेव्हा झुकरटोर्ट ४ विरुद्ध १ असा पुढे होता. जुन्या पद्धतीचे चाहते खूश झाले असतील. सामना सेंट लुईसला गेला आणि चित्र पालटले. तिथल्या चार डावांत स्टाइनिट्झने तीन जिंकले, एक बरोबरीत सुटला.

यातला नववा डाव आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला पटावर मांडून पाहायला सांगतो. पांढरी झुकरटोर्टकडे. सातव्या खेळीलाच त्याचे वजिरासमोरचे प्यादे एकटे पडले, म्हणजे शेजारच्या दोन्ही उभ्या ओळींत त्याला आधार देणारे दुसरे प्यादे उरले नाही. स्टाइनिट्झने त्या प्याद्याच्या नेमके पुढे घोडा बसवून त्याची वाट अडवली. एक उंट मागे नेऊन राजाजवळच्या कच्च्या प्याद्याच्या राखणीला ठेवला आणि दोन्ही हत्ती मधल्या ओळींवर आणले. पाहणाऱ्याला वाटावे, की पांढऱ्याचा घोडा पुढे, वजीर पुढे, हल्ला त्याचाच आहे. मग मोहऱ्यांची अदलाबदल झाली आणि पांढऱ्याकडे शेजारी शेजारी दोन प्यादी राहिली, पण त्या जोडीला बाजूने आधार नव्हता. झुकरटोर्टने हत्ती राजाच्या बाजूला नेऊन जोर लावून पाहिला. आत शिरायला वाट नव्हती. अडतिसाव्या खेळीनंतर त्याने डाव सोडला. गुण ४-४ झाले.

पुढचे डाव न्यू ऑर्लिन्सला झाले. २९ मार्च १८८६ रोजी स्टाइनिट्झने दहावा विजय मिळवला : १० जिंकले, ५ हरले, ५ बरोबरीत. गंमत म्हणजे त्या शेवटच्या डावात त्याने सुरुवातीलाच आपला राजा मोकळ्या पटावर फिरवला आणि तरीही १९ खेळींत जिंकला. राजा हाही लढणारा मोहरा आहे असे तो मानी. आमच्या विद्यार्थ्यांनी एवढ्यात हा प्रयोग करू नये! या सामन्यापासून जगज्जेत्यांचा जो मुख्य क्रम मोजला जातो, त्यात २०२४ साली सिंगापूरला जिंकलेला आपला डी. गुकेश अठरावा.

जेतेपद त्याच्याकडे आठ वर्षे राहिले. घरात मात्र दुःख होते. १८८८ मध्ये तरुण मुलगी फ्लोरा गेली, १८९२ मध्ये पत्नी. स्वतःच्या तत्त्वांचा हट्टही त्याला महागात पडला. १८९०-९१ मध्ये रशियाच्या चिगोरिनशी तारेने दोन डाव झाले. बचाव कितीही अडचणीचा दिसला तरी टिकतो, हे सिद्ध करायला त्याने मुद्दाम विचित्र खेळ्या निवडल्या आणि दोन्ही डाव गमावले. मोहरे लवकर बाहेर काढण्याचा साधा नियम त्याने स्वतःच मोडला होता.

१८९४ मध्ये पंचवीस वर्षांच्या एमॅन्युएल लास्करने त्याला हरवले. दुसऱ्या वर्षी इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत एकोणसाठ वर्षांचा स्टाइनिट्झ पाचवा आला, पण फॉन बार्डेलेबेनविरुद्धचा त्याचा डाव आजही अभ्यासला जातो. काळ्याचा राजा मध्येच अडकलेला. स्टाइनिट्झचा हत्ती शह देत देत सातव्या ओळीवर एकेक घर सरकत गेला. तो वजिराने मारावा तरी डाव जातो, राजाने मारावा तरी जातो. स्वतःच्या राजावरही मातेची टांगती तलवार होती, पण तिथे पोचायला काळ्याला वेळच मिळाला नाही. बार्डेलेबेन काही न बोलता सभागृहातून निघून गेला.

१८९६-९७ मध्ये मॉस्कोला लास्करशी पुन्हा सामना झाला. स्टाइनिट्झला दोनच डाव जिंकता आले, दहा गमावले. मनाचा तोल ढळला आणि त्याला तिथल्या रुग्णालयात ठेवावे लागले. बरा होऊन तो पुन्हा खेळला, पण आजार परतला. १२ ऑगस्ट १९०० रोजी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात त्याचे निधन झाले. मागे दुसरी पत्नी आणि दोन लहान मुले. पैसा जवळजवळ काहीच नव्हता.

त्याची तत्त्वे नीट मांडून जगापुढे ठेवण्याचे काम मग ज्याने त्याला हरवले त्यानेच केले. लास्करने १९२५ मध्ये लिहिलेल्या आपल्या बुद्धिबळाच्या ग्रंथात स्टाइनिट्झच्या सिद्धांताला मोठी जागा दिली आणि त्याला आपला गुरू मानले. हा लास्कर १८९४ पासून १९२१ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, जगज्जेता होता.