इंदूरच्या यशवंतराव होळकरांची गाडी हॉलिवूड हिरोच्या गाडीची सख्खी बहीण होती, पण वेगात पुढं कोण?

आंबिवली, टिटवाळा, कल्याण पट्ट्यातल्या लोकांना मुंबई-नाशिक हायवे काही नवा नाही. पडघ्याला लागलं की गाडी जरा सुटते, नाहीतर भिवंडी बायपासला आहेच रोजची रखडपट्टी. हाच रस्ता नाशिक, धुळे, सेंधवा करत पुढं थेट इंदूरला जातो. म्हणूनच जुनी माणसं त्याला अजूनही मुंबई-आग्रा रोड म्हणतात.

या रस्त्याच्या त्या टोकाला, इंदूरमध्ये, एक मराठी राजा होता. १९३० च्या दशकात जगातल्या सगळ्यात दमदार गाड्यांपैकी एक त्याच्या दारात उभी असायची. त्याच कंपनीची, तसंच इंजिन असलेली गाडी तिकडं हॉलिवूडमध्ये गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल चालवायचे.

राजाचं नाव महाराजा यशवंतराव होळकर, दुसरे. आणि गाडीचं नाव ड्युसेनबर्ग.

आता साहजिकच प्रश्न पडतो, होळकरांची गाडी भारी की हॉलिवूडवाल्यांची? उत्तर बघूच, पण त्याआधी हा माणूस समजून घ्यायला पाहिजे. कारण गादीवर येण्यापासून त्यांच्या आयुष्यात मोटार आहेच.

एका मोटारीच्या धडकेनं गादी मिळाली

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे, इंदूरचे महाराज.

१२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर एक प्रकरण घडलं. अब्दुल कादिर बावला नावाचा श्रीमंत व्यापारी आपल्या मोटारीतून निघाला होता, सोबत मुमताज बेगम होती. मुमताज आधी इंदूरच्या दरबारात होती आणि तिथून निघून आली होती. मागून आलेल्या मोटारीनं बावलाच्या मोटारीला धडक दिली. त्यातून उतरलेल्या लोकांनी बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी नेमके तिथं पोहोचले आणि मुमताज वाचली.

हल्लेखोरांचे धागेदोरे इंदूर संस्थानापर्यंत गेले. खटला देशभर गाजला. ब्रिटिश सरकारनं तुकोजीरावांपुढं दोन पर्याय ठेवले, चौकशीला सामोरं जा किंवा गादी सोडा. त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली.

तेव्हा यशवंतरावांचं वय होतं १७ वर्षं.

म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात राजा झाले ते वडिलांच्या बदनामीमुळं. पूर्ण अधिकार मिळायला १९३० साल उजाडलं. तोवर कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चालला आणि यशवंतराव इंग्लंडला शिकत होते, शेवटी ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात.

राजवाडा बांधला, पण झुंबरं लावली नाहीत

युरोपातला हा काळ सगळं जुनं मोडून नवं उभारणाऱ्या कलाकारांचा होता. यशवंतराव त्यांच्यात रमले. लग्न १९२४ मध्येच कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाईंशी झालेलं. दोघं तरुण, देखणी. पॅरिसमध्ये मॅन रे नावाच्या प्रसिद्ध फोटोग्राफरनं काढलेले या जोडीचे फोटो आजही पुस्तकांत, प्रदर्शनांत दिसतात.

इंदूरला राहायला घर पाहिजे होतं. दुसऱ्या एखाद्या राजानं घुमट, कमानी, झुंबरं मागवली असती. यशवंतरावांनी ऑक्सफर्डच्या ओळखीतला एक जर्मन आर्किटेक्ट, एकार्ट मुथेसिउस याला काम दिलं. मुथेसिउस तेव्हा विशीत, महाराजही विशीत. १९३० ते १९३३ च्या दरम्यान माणिकबाग पॅलेस उभा राहिला. सरळ रेषा, काच, धातू, आतमध्ये त्या काळातल्या सगळ्यात आधुनिक डिझायनरांचं फर्निचर. भारतातच काय, युरोपातही असं घर सहज बघायला मिळत नव्हतं.

गाड्यांच्या बाबतीतही तेच. बऱ्याच संस्थानिकांची पसंती रोल्स-रॉइसला. उंच, शांत, मिरवणुकीत शोभणारी गाडी. यशवंतरावांना चालवायला मजा येईल अशी गाडी लागायची.

दोन भावांनी बनवलेली गाडी

ड्युसेनबर्ग हे दोन भावांचं आडनाव. थोरला फ्रेड, धाकटा ऑगस्ट. जन्म जर्मनीचा, लहानपणी अमेरिकेत आले, आयोवा राज्यात वाढले. सुरुवात सायकलींपासून केली, मग रेसच्या गाड्या. १९२१ मध्ये त्यांच्या गाडीनं फ्रान्समध्ये जाऊन फ्रेंच ग्रांप्री जिंकली. १९२४, १९२५ आणि १९२७ ला अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० जिंकली. यातली १९२४ ची जिंकणारी गाडी सुपरचार्जरवाली होती.

गाडी बनवण्यात वाघ, धंद्यात मात्र कच्चे. १९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योजकानं कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितलं की अमेरिकेतली सगळ्यात भारी गाडी बनव. १९२८ च्या डिसेंबरमध्ये मॉडेल जे बाजारात आलं.

इंजिन ६.९ लिटरचं, एका रांगेत ८ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह. ताकद २६५ हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅक ८०-९० हॉर्सपॉवरची असते, यावरून अंदाज घ्या.

१९३२ ला त्याच इंजिनाला सुपरचार्जर जोडून एसजे आली. सुपरचार्जर म्हणजे काय, तर इंजिनाच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जबरदस्तीनं जास्त हवा कोंबतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. एसजेची ताकद गेली ३२० हॉर्सपॉवरवर. बॉनेटच्या बाजूनं बाहेर आलेले चकचकीत पाईप ही तिची ओळख.

पण त्याच वर्षी, जुलै १९३२ मध्ये, फ्रेड पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरातल्या ओल्या रस्त्यावर एसजे चालवत असताना अपघात झाला. न्यूमोनिया होऊन त्याच महिन्यात तो गेला. पुढचं काम धाकट्या ऑगस्टनं सांभाळलं.

यशवंतरावांनी ड्युसेनबर्ग घेतली ती हीच सुपरचार्जरवाली एसजे. त्या काळी कंपनी फक्त चेसिस आणि इंजिन द्यायची, वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायचं. महाराजांनी अमेरिकेची चेसिस लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीकडून सजवून घेतली. नारंगी आणि काळा रंग, भलंमोठं बॉनेट, आणि एवढ्या मोठ्या गाडीत बसायला सीट फक्त दोन. पुढं लाल आणि निळे दिवे. महाराज गाडीत असले तर एक रंग, महाराणी असल्या तर दुसरा, असं सांगतात.

आता सामना

१९३५ मध्ये ड्युसेनबर्गनं जाहिरातीसाठी दोन खास गाड्या बनवल्या. एक गॅरी कूपरला दिली, दुसरी क्लार्क गेबलला. पुढं या मॉडेलला एसएसजे म्हणायला लागले. जगात या दोनच. कूपरची गाडी २०१८ च्या लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली, यावरून तिची किंमत कळेल.

इंजिन मुळात होळकरांच्या गाडीतलंच, पण जास्त तापवलेलं. एसएसजेची ताकद ४०० हॉर्सपॉवर सांगितली गेली, एसजेची ३२०. म्हणजे इथं हॉलिवूड पुढं.

खरा फरक मात्र चेसिसचा. एसएसजेसाठी चेसिस मुद्दाम आखूड केली होती. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १२५ इंच, म्हणजे साधारण ३.१८ मीटर. होळकरांच्या गाडीला ड्युसेनबर्गची लांब चेसिस, १५३.५ इंच, म्हणजे ३.९ मीटर. आपल्या रस्त्यावरची अख्खी स्विफ्ट गाडी बंपरपासून बंपरपर्यंत या अंतरात मावते. होळकरांच्या गाडीत हे फक्त दोन चाकांमधलं अंतर होतं.

याचा परिणाम काय?

आखूड गाडीला लोखंड कमी लागतं, वजन कमी पडतं, त्यामुळं थांबल्या जागेवरून ती लवकर सुटते. वळणावर तोंड पटकन फिरवते. लांब गाडीला वळायला जागा जास्त लागते. कसारा घाटात किंवा सेंधव्याच्या बिजासन घाटात दोघींना सोडलं, तर प्रत्येक वळणाला एसएसजे पुढं जाणार.

मग होळकरांची गाडी हरलीच की. तर तसंही नाही.

लांब चेसिस सरळ रस्त्यावर स्थिर राहते. खाचखळग्यात कमी हिंदकळते, स्टेअरिंग शांत राहतं. तासन्तास जोरात चालवायची तर तीच बरी. आणि इंजिनाचा दम बघायचा तर १९३५ चीच गोष्ट आहे. ऑगस्टच्या मदतीनं एसजेवर आधारित एक रेकॉर्ड गाडी तयार झाली. एब जेन्किन्स या ड्रायव्हरनं ती बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर २४ तास पळवली. सरासरी वेग निघाला ताशी सुमारे २१८ किलोमीटर. रस्त्यावरच्या एसजेलाही ताशी २०० किलोमीटर जड नव्हते.

त्यात एक मेख आहे. ड्युसेनबर्गचा सुपरचार्जर ज्या जातीचा होता, तो इंजिन वेगात फिरायला लागल्यावर खरा काम करतो. हळू चालवली तर त्या ३२० हॉर्सपॉवरमधली बरीच ताकद बाहेरच येत नाही. तिला मोकळा, लांब, सरळ रस्ता लागतो.

थोडक्यात, सुटण्यात आणि वळणात एसएसजे, लांबच्या दौडीला होळकरांची एसजे. आणि तेव्हाच्या माळव्यात दोघींनाही त्यांच्या लायकीचा रस्ता नव्हता.

राजाचंही तेच झालं

यशवंतरावांचं आयुष्य बघितलं की हीच गोष्ट पुन्हा दिसते. डोक्यात कल्पना भरपूर, पण रस्ता मिळत नव्हता.

रोमानियन शिल्पकार ब्रांकुशीची शिल्पं त्यांनी घेतली आणि त्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचं ठरवलं. १९३७ मध्ये संयोगिताबाई ऐन तारुण्यात गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला, पण मंदिर कधीच झालं नाही. ती दोन संगमरवरी शिल्पं आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत.

१९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहिलं. भारताच्या प्रश्नात अमेरिका, चीन आणि रशियानं मध्यस्थी करावी ही त्यांची मागणी होती. वडिलांची गादी ब्रिटिशांनी कशी काढून घेतली हे बघितलेल्या राजानं, युद्ध चालू असताना, ब्रिटिशांना बाजूला ठेवून थेट वॉशिंग्टनला लिहिणं ही लहान गोष्ट नव्हती. पण त्यातून निघालं काहीच नाही.

एक गाडी मात्र सुसाट सुटली, ती म्हणजे क्रिकेटची. सी. के. नायडूंच्या कॅप्टनशिपखाली होळकर संघ देशात दरारा असलेला संघ झाला. मुश्ताक अली, चंदू सरवटे इथं खेळले. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन युद्धाच्या निमित्तानं भारतात होता, तोही होळकरांकडून उतरला आणि मुंबईविरुद्धच्या रणजी फायनलमध्ये नाबाद २४९ ठोकून गेला. ती फायनल हातची गेली, पण पुढच्याच वर्षी, १९४५-४६ ला, होळकर संघानं रणजी जिंकली. मग १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ ला पुन्हा.

१९४८ ला इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. राजप्रमुख झाले ग्वाल्हेरचे शिंदे आणि उपराजप्रमुख यशवंतराव. १९५६ ला तेही पद संपलं. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय फक्त ५३.

मग त्या गाडीचं काय झालं?

ड्युसेनबर्ग कंपनी १९३७ लाच बंद पडली होती. होळकरांची गाडी पुढं अमेरिकेला गेली, जिथून तिची चेसिस आली होती तिथंच. माणिकबागमधलं फर्निचर १९८० मध्ये मोनाकोत लिलावात गेलं आणि आज त्यातल्या एकेका खुर्चीला संग्राहक मागतील ती किंमत देतात. माणिकबागमध्ये नंतर केंद्र सरकारच्या उत्पादन शुल्क खात्याचं ऑफिस आलं.

संस्थानिकांच्या गाड्यांच्या गोष्टी आपल्याकडं बऱ्याचदा उधळपट्टीचे किस्से म्हणून सांगितल्या जातात. पैसा प्रजेचाच होता, त्यामुळं ते पूर्ण खोटंही नाही. पण यशवंतरावांच्या बाबतीत एवढ्यावर थांबून चालत नाही. त्यांनी घर असो, शिल्प असो की गाडी, काळाच्या पुढचं ओळखून घेतलं, आणि क्रिकेटमध्ये तर इंदूरला मुंबईच्या तोडीस तोड उभं केलं.

बाकी सामन्याचा निकाल ज्यानं त्यानं आपल्या रस्त्यावरून ठरवावा. घाट असेल तर गॅरी कूपरची गाडी घ्या, पडघ्यापासून पुढं मोकळा हायवे असेल तर होळकरांची. आणि भिवंडी बायपासला अडकला असाल, तर दोन्ही सारख्याच.