नाणी तोलणारे गणिती

लष्करच्या सराफ्यात जुना रुपया नेला की सराफ आधी तो काट्यावर ठेवतो. आजोबांचा शिंदेशाही रुपया हलका भरला, तेव्हा मी लगेच ठरवले की तो फार जुना. नाणे वापराने झिजते; हे झिजले आहे; म्हणून हे जुने! तर्कशास्त्राच्या पेपरात असे लिहिले तर शून्यच मिळेल. नाणे मुळातच हलके पाडलेले असेल, कुणी कड कातरलीही असेल.

हीच अडचण दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी सोडवली. त्यांचा जन्म 1907 साली गोव्यात झाला. वडील बौद्ध धर्माचे थोर पंडित. शिक्षण अमेरिकेत, हार्वर्डची पदवी 1929 ची. मग बनारस, अलीगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. विषय गणित, पण 1940 च्या सुमारास ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. आधी त्यांनी चालू काळातील हजारो नाणी स्वतः तोलली. एकेका नाण्यावरून काहीच सांगता येत नाही, पण ढिगातून सांगता येते, हे त्यांनी ताडले. चलनात जितका काळ जास्त, तितकी सरासरी खाली येते आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढते. तक्षशिलेच्या नाण्यांत तर मागल्या बाजूचे ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी निघाले. हे ठसे व्यापारी वेळोवेळी नाणी पारखून मारीत असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे आमच्या सराफांचेच पूर्वज! आम्हा कॉमर्सवाल्यांना सरासरी आणि विचलन केवळ परीक्षेपुरते ठाऊक. त्यांनी त्यातून इतिहास वाचला.

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. तेथे असताना 1959 मध्ये त्यांनी मूळ संख्यांविषयीचे रीमानचे गृहीतक संभाव्यतेच्या वाटेने सिद्ध केल्याचा दावा केला. निबंध छापला कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात! गणितज्ञांना त्यात दोष आढळले. नाण्यांच्या ढिगाला जवळजवळ खात्री पुरते. गणितातील सिद्धतेला ती पुरत नाही, तिथे एक दुवा निखळला की सारेच कोसळते. एवढ्या मोठ्या माणसाला हे कळत नव्हते असे कसे म्हणावे? पण आपल्या हत्यारावर त्यांचा फार विश्वास बसला असावा, असे मला वाटते. ते गृहीतक आजही सिद्ध झालेले नाही.

1962 मध्ये संस्थेतील नोकरी संपली. इतिहासाचे लेखन मात्र चालूच राहिले. 29 जून 1966 रोजी पुण्यात, वयाच्या 58 व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले.