आकाशातील भोवरा

आयर्लंडच्या मध्यभागी पार्सन्सटाउन नावाचे एक लहानसे गाव होते. आज ते बर या नावाने ओळखले जाते. तेथील कोटात विल्यम पार्सन्स यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या नांदत होते. विल्यम यांचा जन्म १८०० साली इंग्लंडातील यॉर्क येथे झाला. ऑक्सफर्डच्या विद्यापीठात त्यांनी गणितात उत्तम यश मिळविले. १८४१ साली वडिलांच्या पश्चात ते रॉसचे अर्ल झाले. म्हणून जग त्यांना लॉर्ड रॉस म्हणते. घरी मोठी जहागीर होती, मानमरातब होता. परंतु त्यांचे मन रमे ते धगधगत्या भट्टीपाशी.

त्या काळी दुर्बिणीतून आकाशात जागोजाग धुरकट ठिपके दिसत. त्यांना तेजोमेघ म्हणत. हे खरोखरच ढग, की फार दूरच्या ताऱ्यांचे पुंज, याचा निर्णय लागत नव्हता. आरसा जेवढा मोठा, तेवढा अधिक प्रकाश तो गोळा करतो. म्हणून सहा फूट व्यासाचा आरसा घडवावयाचा, असा लॉर्ड रॉस यांनी निश्चय केला. एवढा मोठा आरसा त्यापूर्वी कोणीही केला नव्हता.

हा आरसा काचेचा नव्हे, तर तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा होता. ही धातू लखलखीत खरी, पण अतिशय ठिसूळ. ओतलेला रस लवकर निवाला की आरसा तडकलाच! लॉर्ड रॉस यांनी गावातील माणसांनाच ही कला शिकविली. भट्ट्यांना सरपण म्हणून आयर्लंडच्या दलदलीतील पीट वापरले. १८४२ साली तीन टनांच्या आसपास वजनाचा आरसा ओतला गेला. तो कित्येक आठवडे सावकाश निवू दिला, आणि मग वाफेच्या यंत्राने घासून त्याला झिलई दिली. काही आरसे वाया गेले, तरी त्यांनी उमेद सोडली नाही. आपली कृतीही त्यांनी गुप्त ठेवली नाही. ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली.

१८४५ च्या वसंत ऋतूत ही प्रचंड दुर्बीण आकाशाकडे वळली. सप्तर्षींतील मरीची या ताऱ्याजवळ एक फिकट तेजोमेघ आहे. त्याच्याकडे पाहताच लॉर्ड रॉस थक्क झाले. पाण्यातील भोवऱ्याप्रमाणे त्याच्या भुजा मध्यबिंदूभोवती वळलेल्या होत्या, आणि एका भुजेच्या टोकाशी दुसरा लहान तेजोमेघ होता. ही रचना पूर्वी कोणाच्याही दृष्टीस पडली नव्हती. छायाचित्रांची सोय नसल्याने त्यांनी ती काळजीपूर्वक हाताने रेखाटली.

त्याच वर्षी आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. बटाटा हेच गरिबांचे मुख्य अन्न होते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराई यांना बळी पडली. एवढ्या श्रमाने उभारलेली दुर्बीण लॉर्ड रॉस यांनी बाजूस ठेवली, आणि ते लोकांना साहाय्य करण्यात गुंतले. १८४८ च्या सुमारास आकाशनिरीक्षण पुन्हा नेमाने सुरू झाले. १८६७ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या दुर्बिणीहून मोठी दुर्बीण १९१७ पर्यंत जगात झाली नाही.

आपण रेखाटले ते काय, हे लॉर्ड रॉस यांना अखेरपर्यंत कळले नाही. पुढे १९२० नंतरच्या दशकात सिद्ध झाले की, असे तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या स्वतंत्र दीर्घिका होत. १९७२ साली गणकयंत्राच्या साहाय्याने आणखी एक उलगडा झाला. दोन दीर्घिका जवळून जाताना परस्परांना ओढतात. त्या ओढीने कोणाच्या भुजा ताणल्या जातात, तर कोणाला लांब शेपूट फुटते. भोवऱ्याजवळचा तो लहान तेजोमेघ त्याचा असाच सोबती होता.

१९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीने या जोडीची सुंदर छायाचित्रे घेतली. त्यांत भुजांवरील नवजात तारेही दिसतात. ती छायाचित्रे आणि १८४५ चे रेखाचित्र शेजारी ठेवले, तर भोवऱ्याचे वळण तेच दिसते. जे दिसले तेच लॉर्ड रॉस यांनी प्रामाणिकपणे कागदावर उतरविले होते. म्हणूनच त्यांचे रेखाचित्र काळाच्या कसोटीस उतरले.