रायपूरचा नट, छत्तीसगडीचा रंगमंच

छत्तीसगड हे राज्य 2000 साली अस्तित्वात आले आणि छत्तीसगडीला राजभाषेचा दर्जा मिळायला त्यानंतर आणखी सात वर्षे लागली. पण रंगभूमीवर या भाषेला त्याच्या किती तरी आधी मान मिळाला होता. 1982 मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात 'चरणदास चोर' या नाटकाला 'फ्रिंज फर्स्ट' हा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातले बहुतेक नट छत्तीसगडच्या खेड्यांतले होते आणि बोलत होते ते आपल्या घरचीच बोली. त्यांना तिथवर नेणारे हबीब तन्वीर हे रायपूरचे. भाषा, लोककला आणि शासन यांचे परस्परांशी नाते काय असावे, या आजही न सुटलेल्या प्रश्नावर त्यांचे आयुष्य बराच प्रकाश टाकते.

1 सप्टेंबर 1923 रोजी रायपुरात जन्मलेले हबीब अहमद खान मूळच्या पेशावरकडील कुटुंबातले. 'तन्वीर' हे त्यांनी कवितेसाठी घेतलेले नाव. त्या काळी रायपूर हे मध्य प्रांतातले गाव होते आणि उच्च शिक्षणाची वाट नागपूरला जात असे. तन्वीर यांनीही पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातूनच घेतली. काही काळ अलीगढला शिकून 1945 मध्ये ते मुंबईत आले. आकाशवाणीवरील नोकरी, चित्रपटांतील लहानमोठ्या भूमिका, गीतलेखन आणि समीक्षा असा त्यांचा व्याप होता. मात्र त्यांची खरी घडण झाली ती 'इप्टा' आणि प्रगतिशील लेखक संघाच्या वर्तुळात. चरित्र अभिनेता म्हणून ते पुढेही पडद्यावर अधूनमधून दिसत राहिले. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा 'गांधी' आणि नाना पाटेकर यांचा 'प्रहार' या चित्रपटांत मराठी प्रेक्षकांनी त्यांना पाहिले आहे. पण पडद्यावरची कारकीर्द हे त्यांचे ध्येय कधीच नव्हते.

1954 मध्ये दिल्लीत त्यांनी 'आग्रा बाजार' उभे केले. शायर नझीर अकबराबादी यांच्यावरील या नाटकात नझीर स्वतः रंगमंचावर येतच नाहीत; त्यांचे काव्य येते ते बाजारातल्या विक्रेत्यांच्या तोंडून. जामिया मिलियाचे विद्यार्थी आणि शेजारच्या ओखला गावातले रहिवासी यांना त्यांनी त्यात एकत्र आणले. पुढल्याच वर्षी ते इंग्लंडला गेले आणि लंडन व ब्रिस्टल येथील नामांकित संस्थांत अभिनय व दिग्दर्शन शिकले. पुढे ते बर्लिनला पोहोचले, तेव्हा ब्रेख्त यांचे नुकतेच निधन झाले होते. पण त्यांच्या नाट्यमंडळाचे प्रयोग त्यांना पाहता आले. युरोपातील या वास्तव्याने त्यांना उलट घरचा रस्ता दाखवला. आपली रंगभूमी आपल्याच मातीतून उगवली पाहिजे, हा निष्कर्ष घेऊन ते 1958 मध्ये परतले.

रायपूरला येताच त्यांनी रात्रभर चालणारा 'नाचा' पाहिला. आपल्या तमाशाशी काही अंशी नाते सांगणारा हा लोकनाट्यप्रकार. त्याचे कलावंत बहुतांशी शेतकरी, मजूर आणि उपेक्षित जातींतले. त्यांपैकी सहा जणांना तन्वीर यांनी दिल्लीला नेले आणि 'मृच्छकटिक' बसवले. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, पत्नी मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी 'नया थिएटर' स्थापन केले. मात्र गावच्या मैदानात रात्र गाजवणारे हे नट शहरी रंगमंचावर अवघडून जात. त्यांचे गणित कुठे चुकते आहे, हे उमगण्यात दशकभराहून अधिक काळ गेला. त्यांना हिंदीत बोलायला लावले जात होते आणि आखून दिलेल्या जागीच हालचाली करायला सांगितले जात होते. उणीव नटांत नव्हती. परकी भाषा आणि परकी शिस्त त्यांचा अभिनय दाबून टाकत होती. तन्वीर यांनी दोन्ही बंधने काढली. 1973 मध्ये रायपुरात घेतलेल्या नाचा कार्यशाळेने नवी दिशा पक्की केली आणि 1975 मध्ये 'चरणदास चोर' आले.

विजयदान देथा यांच्या राजस्थानी लोककथेवर आधारलेल्या या नाटकात एक चोर गुरूपुढे सत्य बोलण्याची शपथ घेतो आणि राज्य पायाशी येऊनही ती मोडत नाही. अखेर सत्तेकडून मारला जातो. सत्याला ईश्वर मानणाऱ्या सतनामी पंथाची गाणी आणि पंथी नृत्य यांनी त्या कथेला छत्तीसगडचे शरीर दिले. त्याच दशकात 'घाशीराम कोतवाल'ने मराठी रंगभूमीवर लोकरूपांचा अपूर्व वापर केला. पण तिथले नट शहरी, सुशिक्षित होते. तन्वीर यांनी केवळ लोककलेचा आकार उचलला नाही. तो आकार ज्यांचा होता त्या माणसांनाच त्यांनी रंगमंचाचे मालक केले. दोन वाटांमधला हा फरक सौंदर्यदृष्टीचा आहेच, त्याहून अधिक तो हक्काचा आहे.

राज्यसंस्थेशी त्यांचे नाते गुंतागुंतीचे राहिले. 1972 ते 1978 या काळात ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. 1983 मध्ये पद्मश्री आणि 2002 मध्ये पद्मभूषण मिळाले. दुसरीकडे, अस्पृश्यतेवर बोट ठेवणाऱ्या 'पोंगा पंडित' या जुन्या नाचा प्रहसनाचे प्रयोग 1992 नंतर वारंवार उधळले गेले. 2003 मध्ये मध्य प्रदेशात त्या विरोधाने टोक गाठले. तरी त्यांनी ते नाटक मागे घेतले नाही. 8 जून 2009 रोजी भोपाळला त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच सतनामी समाजातील काहींच्या आक्षेपावरून छत्तीसगड शासनाने 'चरणदास चोर'च्या पुस्तकावर निर्बंध आणले. ज्या नाटकाने राज्याची भाषा जगापुढे नेली, तेच राज्याला नकोसे झाले.

चरणदासची भूमिका गाजवणारे गोविंदराम निर्मलकर यांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. तरीही 2012 मधील मृत्यूपूर्वीचा त्यांचा काळ आर्थिक ओढाताणीतच गेला. सन्मान आणि उपजीविका यांतली ही दरी आजच्या सांस्कृतिक धोरणापुढची खरी परीक्षा आहे. पुरस्कार एका दिवसाचा असतो. नटाला लागते ते नियमित वेतन, म्हातारपणची तरतूद आणि प्रयोग निर्भयपणे करण्याची हमी. ही जबाबदारी तन्वीर यांच्या हयातीत एका नाट्यमंडळाने जमेल तशी पेलली. महाराष्ट्रातील तमाशा आणि दशावतारी कलावंतांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. बोलीला राजभाषा म्हणणे सोपे आहे. ती बोलून पोट भरता येईल अशी व्यवस्था उभारणे, हे तन्वीर यांच्या आयुष्याने मागे ठेवलेले अपुरे काम आहे.