नेड हेग

नेड हेग (७ डिसेंबर, १८५८:जेडबर्ग, स्कॉटलंड – २८ मार्च, १९३९) हे स्कॉटलंडमधील रग्बी खेळाडू होते. प्रत्येकी सात खेळाडूंच्या संघांनी खेळल्या जाणाऱ्या रग्बी सेव्हन्स या प्रकाराचे ते जनक मानले जातात.

== जीवन ==
हेग तरुणपणी मेलरोझ या लहानशा गावी आले. तेथे डेव्हिड सँडरसन यांच्या मांसविक्रीच्या दुकानात ते काम करीत आणि मेलरोझ रग्बी फुटबॉल क्लबकडून खेळत. सँडरसन हेही याच क्लबचे खेळाडू होते. हा क्लब १८७७ मध्ये शेजारच्या गालाशील्सच्या खेळाडूंशी फारकत घेऊन स्थापन झाला होता. त्यामुळे दोन्ही गावांत चुरस होती.

== सेव्हन्सचा उगम ==
१८८३ मध्ये क्लबला पैशांची चणचण भासू लागली. निधी उभारण्यासाठी क्रीडामेळा भरवावा व त्यात रग्बीची स्पर्धा ठेवावी, अशी कल्पना हेग यांनी मांडली. मात्र पंधरा खेळाडूंच्या संघांचे अनेक सामने एका दुपारी उरकणे अशक्य होते. म्हणून खेळाडूंची संख्या सातवर आणण्यात आली आणि सामन्याचा अवधी पंधरा मिनिटांचा ठरला. या कल्पनेच्या श्रेयात सँडरसन यांचाही वाटा सांगितला जातो.

२८ एप्रिल, १८८३ रोजी ग्रीनयार्ड्स मैदानावर ही स्पर्धा झाली. मेलरोझच्या महिलांनी विजेत्यांसाठी चषक दिला होता. अंतिम सामन्यात मेलरोझची गाठ गालाशील्सच्या गाला संघाशी पडली. मेलरोझ संघात स्वतः हेग खेळत होते. ठरलेल्या वेळेत सामना बरोबरीत राहिल्याने जादा वेळ खेळण्याचे ठरले. मेलरोझने ट्राय नोंदवताच त्यांचे खेळाडू विजयाचा दावा करीत मैदानाबाहेर पडले. पूर्ण वेळ खेळ झालेला नाही, असा आक्षेप गालाने घेतला. तरीही चषक मेलरोझकडेच राहिला. जादा वेळेत प्रथम गुण मिळवणारा संघ विजयी ठरवण्याच्या पद्धतीचे मूळ या सामन्यात असल्याचे मानतात.

== वारसा ==
हेग यांना स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून खेळण्याची संधी कधीच मिळाली नाही. त्यांच्या हयातीत सेव्हन्स स्कॉटलंडच्या सीमावर्ती गावांत रुजले आणि १९२६ पासून लंडनजवळ मिडलसेक्स सेव्हन्स स्पर्धा सुरू झाली. राष्ट्रीय संघांमधील पहिली सेव्हन्स स्पर्धा मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये एडिनबर्ग येथे झाली व ती इंग्लंडने जिंकली. त्याच शहरात १९९३ मध्ये पहिला रग्बी विश्वचषक सेव्हन्स भरला. त्याच्या विजेत्याला दिल्या जाणाऱ्या चषकाला मेलरोझ गावाचे नाव आहे. २०१६ च्या रियो ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचा समावेश झाला. तेथे फिजीच्या पुरुष संघाने आपल्या देशाला पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळवून दिले.

२००८ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने हेग व मेलरोझ क्लब यांचा आपल्या सन्मानयादीत समावेश केला.