न्यू ऑर्लीन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल

आर्चबिशप जोसेफ रमेल यांचा जन्म १८७६ साली जर्मनीतील बाडेन प्रांतात झाला. बालपणीच ते अमेरिकेत आले, १९०२ साली धर्मगुरू झाले व १९३५ साली त्यांनी न्यू ऑर्लीन्स महाधर्मप्रांताची धुरा स्वीकारली. तेथे कृष्णवर्णीय भाविकांसाठी चर्चमधील बाके वेगळी व त्यांच्या मुलांसाठी शाळाही वेगळ्या होत्या.

१९५३ साली त्यांनी चर्चमधील हा भेद बंद करण्याचा आदेश दिला. १९५६ सालच्या पत्रात तर वर्णभेद हे पाप आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. तथापि शाळांची दारे उघडण्यास आणखी सहा वर्षे लागली. पालकांचा विरोध तीव्र होता, राज्य सरकारची मदत बंद होण्याची धास्तीही होती. हा विलंब आम्हांस खटकतो. कारण सरकारी शाळांनी, न्यायालयाच्या आदेशाने का होईना, १९६० सालीच सुरुवात केली होती.

अखेर २७ मार्च १९६२ रोजी महाधर्मप्रांताच्या सर्व शाळा खुल्या करण्याचे त्यांनी जाहीर केले. तेव्हा ते ८५ वर्षांचे होते व त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. या निर्णयाविरुद्ध लोकांना चिथावणाऱ्या तिघा कॅथलिकांना त्यांनी एप्रिलमध्ये ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. त्यांत लिअँडर पेरेझ हे बडे राजकीय पुढारीही होते. सप्टेंबरमध्ये दोन्ही वर्णांची मुले एका वर्गात बसली. ८ नोव्हेंबर १९६४ रोजी आर्चबिशप निधन पावले.