वर्णरेषांचा हिशेबनीस

मिठाचा कण ज्योतीत पडला की ज्योत पिवळी होते. हाच प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तर पिवळ्या भागात एकमेकींना चिकटलेल्या दोन तेजस्वी रेषा दिसतात. त्या सोडियमच्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा अशाच निराळ्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांनी अशा असंख्य रेषा मोजून ठेवल्या. परंतु त्या त्याच ठिकाणी का उमटतात, हे कोणालाच उमगत नव्हते. या पसाऱ्यात दडलेला नियम ज्यांनी शोधला, ते स्वीडिश शास्त्रज्ञ म्हणजे योहानेस रिडबर्ग.

रिडबर्ग यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८५४ रोजी स्वीडनमधील हाल्मस्टाड या बंदराच्या गावी झाला. ते अवघे चार वर्षांचे असताना वडील निवर्तले. घरची परिस्थिती बेताचीच राहिली. १८७३ मध्ये ते लुंड विद्यापीठात दाखल झाले आणि पुढे सारे आयुष्य तिथेच व्यतीत केले. १८७९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली ती गणितात, शंकुच्छेदांवरील प्रबंधासाठी. त्यानंतर ते भौतिकशास्त्राकडे वळले.

वर्णपट हे मात्र त्यांचे मूळ ध्येय नव्हते. त्यांना ओढ होती ती मेंडेलीव्ह यांच्या आवर्तसारणीची. ठरावीक अंतराने मूलद्रव्यांचे गुणधर्म पुन्हा का अवतरतात, याचे उत्तर अणूच्या अंतरंगात असणार आणि वर्णरेषा हाच त्या अंतरंगाचा निरोप असणार, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी इतरांनी केलेली मोजमापे गोळा केली आणि आकडेमोड आरंभली. तरंगलांबीऐवजी एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग मावतात ती संख्या त्यांनी हिशेबात घेतली. ही निवड निर्णायक ठरली. विस्कळीत वाटणाऱ्या रेषा आता मालिकांमध्ये मांडता येऊ लागल्या.

स्वित्झर्लंडमधील शाळाशिक्षक योहान बामर यांनी १८८५ मध्ये हायड्रोजनच्या रेषांसाठी एक सूत्र दिले होते. ते पाहताच रिडबर्ग यांच्या ध्यानात आले, की हे आपल्याच व्यापक सूत्राचे एक साधे रूप आहे. त्यांचे सूत्र लिथियम, सोडियम, पोटॅशियम अशा अनेक मूलद्रव्यांना लागू पडत होते. मूलद्रव्य बदलले, मालिका बदलली, की सूत्रातील इतर संख्या बदलत. एक संख्या मात्र सर्वत्र जवळजवळ तीच राही. रिडबर्ग यांनी तिचे मूल्य १,०९,७२१.६ प्रति सेंटिमीटर इतके काढले. हाच पुढे रिडबर्ग स्थिरांक म्हणून ओळखला गेला. हे संशोधन स्वीडनच्या विज्ञान अकादमीने १८९० मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केले.

एवढे मोठे काम करूनही स्थैर्य लगेच लाभले नाही. संसाराला हातभार म्हणून त्यांनी लुंडमधील एका बचत बँकेत अर्धवेळ हिशेबाचे काम पत्करले. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९०९ मध्ये. तेव्हा त्यांनी वयाची चौपन्न वर्षे पूर्ण केली होती.

सूत्र अचूक होते, पण ते का लागू पडते याचे उत्तर रिडबर्ग यांच्यापाशी नव्हते. ते उत्तर आले सामुद्रधुनीपलीकडच्या कोपनहेगनहून. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, त्याचे वस्तुमान आणि प्लँकचा स्थिरांक यांच्या आधारे हीच संख्या सिद्ध करून दाखवली. त्या काळी ही मूल्ये जितकी अचूक माहीत होती, त्या मर्यादेत ती जुळली. बोर यांच्या अणुरचनेवर विश्वास बसण्यास हा मेळ फार उपयोगी पडला.

आवर्तसारणीचा ध्यासही रिडबर्ग यांनी सोडला नव्हता. अणुभाराऐवजी मूलद्रव्याचा क्रमांक महत्त्वाचा मानावा, असे त्यांनी १८९७ मध्येच सुचवले होते. २, ८, १८ या संख्या म्हणजे १, २, ३ यांच्या वर्गांची दुप्पट, हेही त्यांनी हेरले. हायड्रोजन आणि हेलियम यांच्यामध्ये आणखी दोन मूलद्रव्ये असावीत, हा त्यांचा तर्क मात्र चुकला.

१९१४ पासून प्रकृतीने साथ सोडली. रजेवर गेलेल्या रिडबर्ग यांचे काम त्यांचे एकेकाळचे सहायक मान्ने सिगबान पाहू लागले. १९१९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना विदेशी सदस्यत्व दिले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला लुंड येथे त्यांचे निधन झाले. सिगबान यांना पुढे १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. रिडबर्ग यांच्या वाट्याला ते आले नाही. २, ८, १८ या संख्यांचे मर्म वोल्फगांग पाउली यांच्या १९२५ मधील तत्त्वाने उलगडले. ज्या प्रश्नापायी रिडबर्ग यांनी हे सारे आरंभले, त्याचे उत्तर त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी मिळाले.

आज या स्थिरांकाचे मूल्य १,०९,७३७.३१५६८ प्रति सेंटिमीटर आणि त्यापुढेही अनेक दशांश स्थळांपर्यंत ज्ञात आहे. निसर्गाच्या सर्वाधिक अचूकतेने मोजलेल्या स्थिरांकांमध्ये त्याची गणना होते. रिडबर्ग यांनी कागदावर आकडेमोड करून काढलेली संख्या त्याहून एक टक्क्याच्या पन्नासाव्या भागाइतकीही दूर नव्हती.